पाय आधी टेकले होते

बाई,

तुम्ही चुकला होतात. हे मी तुम्हाला तोंडावर कधी सांगितलं नाही, आणि तुम्ही जाऊन आता इतकी वर्षं झाली की सांगायची सोयही राहिली नाही. पण गेल्या महिन्यात तुमच्या नावाच्या स्पर्धेत जे झालं त्यानंतर मैदानावर, शाळेच्या दारात, अगदी माझ्या घरी जेवायला बसल्यावरसुद्धा एकच वाक्य कानावर येतं आहे, बाई असत्या तर असं झालं नसतं. खरंच झालं नसतं. म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

तुमचे उपकार मी विसरलेली नाही, तेवढं आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला उलट्या काळजाची म्हणणार नाही. उचगावला आमच्या वस्तीत येऊन, चपला दाराबाहेर काढून, थेट स्वयंपाकघरात पाटावर बसलेल्या तुम्ही मला अजून दिसता. वडील फौंड्रीतून नुकते आलेले, हातापायांना काळी माती तशीच. आई भाकरी थापते आहे आणि शाळेच्या बाई घरात आल्यात म्हणून तिचा तवा करपतो आहे. तुम्ही भिंतीवरच्या तसबिरीला हात जोडलेत, आईच्या हातचा चहा बशीत ओतून प्यायलात आणि वडिलांना म्हणालात, पोरगी उंच हाय, तिला चुलीम्होरं वाकवू नगा. त्या काळी आमच्या घरी येऊन चहा घेणाऱ्या शाळेतल्या तुम्ही एकट्याच. वडील पुढं कित्येक वर्षं ते वाक्य पाहुण्यांना ऐकवत. माझ्या हातात बास्केटबॉल आला तो त्या एका चहामुळे, यात वाद नाही.

आणि मैदानावरच्या तुम्ही. नऊवारी नाही, पाचवारीच, पण निऱ्या वर खोचलेल्या, पायात मुलांसारखे पांढरे कॅनव्हास, गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेली शिट्टी. मातीचं मैदान, फक्कीच्या रेषा, दुपारच्या वाऱ्यानं त्या रेषा उडायच्या आणि तुम्ही मला डबा घेऊन परत मारायला लावायचात. कंपाउंडच्या भिंतीवर आपल्या आणि समोरच्या शाळेच्या, दोन्ही पेठांतली माणसं पाय खाली सोडून बसलेली. मुलींचा सामना असला की भिंत जास्तच भरायची, आणि सगळीच काही खेळ बघायला आलेली नसायची. तुम्ही शाळेच्या बाई, तुम्हीच कोच आणि बऱ्याचदा तुम्हीच पंच, कारण मुलींच्या सामन्याला दुसरा पंच येतोय कुठला. तरी तुमच्या सामन्यात कधी भांडण झालं नाही. लोक अजून कौतुकानं सांगतात, बाईंनी शिट्टी फुंकली की भिंत गप्प. ती का गप्प व्हायची हे आम्हा खेळणाऱ्या पोरींना ठाऊक होतं. इकडं एक फाउल दिला की थोड्या वेळात तिकडं एक. अंगाला अंग लागलं की कुणामुळं लागलं हे तुम्ही बघत नव्हता, भिंतीवरचं कोण उठून उभं राहिलंय ते बघत होता. आम्ही त्याला फिट्टंफाट म्हणायचो, आणि सामना संपल्यावर हसायचोसुद्धा.

मी आठवीत असेन, किंवा नववीत. दुसऱ्या पेठेतल्या शाळेशी सामना. त्यांची ती दांडगी पोरगी चेंडू घेऊन सरळ बास्केटकडे येते आहे. मी तिच्या वाटेत आधीच जाऊन उभी आहे, तिच्याकडे तोंड, दोन्ही पाय मातीत, हात वर. ती थांबत नाही. तिचा खांदा माझ्या छातीवर आदळतो, मी पाठीवर पडते, कोपराची सालटी निघतात, आणि पडल्या पडल्या शिट्टी ऐकू येते. मला आनंद होतो, बाई. मला वाटतं, बाईंनी बघितलं. उठून बघते तर तुमचा हात माझ्याकडे. दोन मिनिटांपूर्वीच तुम्ही त्यांच्याविरुद्ध एक फाउल दिलेला असतो आणि भिंतीवर त्यांची पोरं उभी राहिलेली असतात. तुमचा हात माझ्याकडे वळतो आणि ती खाली बसतात. मी जवळ येऊन विचारलं, बाई, माझं काय चुकलं. तुम्ही माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणालात, "सरकायचं की गं बाजूला. ती जागा काय तुझ्या बापाची हाय?"

माझ्या बापाची कुठलीच जागा नव्हती, बाई. उचगावचं घर भाड्याचं होतं. आणि कुठल्या पंगतीत बसायचं, कुठल्या कट्ट्यावर टेकायचं नाही, हे त्यांना पोरवयातच कळलं होतं. आमच्या पाटावर बसून चहा प्यालेल्या तुम्हालाही ते कळत होतं. तुम्ही मनात काही धरून बोलला नव्हता हे मला तेव्हाही माहीत होतं. आपल्याकडं असं कुणीही कुणालाही बोलतं आणि पुढच्या क्षणी भेळ खायला घेऊन जातं. तुम्हीही त्या संध्याकाळी मला गंगावेशीला दुधाच्या कट्ट्यावर नेलंत, म्हशीची धार थेट ग्लासात काढून घेतलीत आणि तो फेसाळ ग्लास माझ्या हातात दिलात. तुम्ही काही बोलला नाहीत. मी प्यायले. दूध गोड होतं आणि मला तुमचा राग आला होता, दोन्ही खरं.

पुढं मी नोकरीला लागले, एका मशीन शॉपमध्ये, क्वालिटीला. फौंड्रीतून आलेल्या जॉबला गेज लावायचं, बसलं तर पास, नाही तर रिजेक्ट. आधीचा रिजेक्ट केला म्हणून पुढच्यावर दया करायची नाही. सुट्टीच्या दिवशी पंच परीक्षेच्या वर्गाला जायला लागले आणि तिथं नियमांचं पुस्तक हातात आलं. त्यात साध्या भाषेत होतं, मैदानावरच्या ज्या जागेवर समोरचा खेळाडू आधीच उभा नाही, ती कुठलीही जागा कुणीही घ्यावी. मी ते परत परत वाचलं. शिकवणारे सर पुढं सिलिंडरवर आले, प्रत्येक खेळाडूभोवती न दिसणारं सिलिंडर असतं, पुढं तळहातांपर्यंत, मागं पाठीपर्यंत, वर उडी जाईल तिथवर, तेवढी हवा त्याची स्वतःची. वर्गात हशा पिकला, सबसिडीचं का बिगरसबसिडीचं म्हणून. मी हसले नाही. तोंड समोर, दोन्ही पाय टेकलेले, एवढं एकदा झालं की जागा तुझी. मग बाजूला किंवा मागं सरकायची मोकळीक आहे, पण सरकलंच पाहिजे अशी सक्ती कुणावर नाही. समोरच्या पोरीनं जमीन सोडून उडायच्या आत तू तिथं पोचलेली असलीस आणि ती तुझ्या छातीवर आली, तर चूक तिची. वर्गातल्या बाकावर बसून मला एवढंच वाटलं, की ती जागा माझी होती.

पुस्तक घेऊन तुमच्याकडं आले होते, आठवतं? तुम्ही निवृत्त झाला होतात, स्वयंपाकघरात पेपर पसरून मेथी निवडत बसला होता. मी ते पान उघडून तुमच्यासमोर धरलं. तुम्ही मेथीच्या काड्या मोडत राहिलात. म्हणालात, पुस्तक लिवणारा भिंतीवरच्या लोकांत कधी बसल्याला नसतोय. मग पुढची जुडी सोडता सोडता, "भांडान झालं की पयल्यांदा पोरींचा खेळ बंद होतोय. पोरांचा न्हाय होत. म्हणून मी फिट्टंफाट करायची. तुला काय वाटलं, मला पाय दिसत न्हवतं?" म्हणजे तुम्हाला दिसले होते. माझे पाय तुम्हाला दिसले होते आणि तरी तुमचा हात माझ्याकडे आला होता. मी पुस्तक मिटलं. तुम्ही निम्मी मेथी पिशवीत घालून मला दिलीत आणि मी ती घेऊन घरी आले. त्यानंतर आपली भेट झाली ती तुम्ही दवाखान्यात असताना, आणि तिथं काय बोलणार.

आता गेल्या महिन्याचं. मैदान आता सिमेंटचं आहे, रेषा ऑइलपेंटच्या, बास्केटखाली एक अर्धगोल आखलेला असतो जो तुमच्या वेळी नव्हता. त्याच्या आत उभं राहून छातीवर घेतलं तर धडक मारणाऱ्याची चूक धरत नाहीत. मुलींची फायनल, पंच मी आणि आणखी एक. एका बाजूला आपल्याच शाळेच्या पोरी, दुसऱ्या बाजूला गगनबावड्याच्या. एसटीनं आलेल्या, एकीच्याही पायात दुसरीसारखे बूट नाहीत. सकाळपासून मी त्यांना बघत होते आणि मला एक गोष्ट कळत नव्हती, की या पोरी इतक्या लवकर कशा पोचतात. पळत येऊन अडवतच नाहीत. समोरची कुठं जाणार हे ओळखून आधीच तिथं जाऊन उभ्या. मधल्या वेळेत त्यांच्या सरांना विचारलं तर ते ओशाळं हसून म्हणाले, "आमच्या ग्राउंडवर निम्मं वरीस श्यावाळ असतंय मॅडम. पळून थांबाय गेलं की पाय सुटतोय. म्हणून आधी जाऊन हुबं ऱ्हायाचं, मग काय ते." बाई, जे मला वर्गात बसून कळलं ते त्या पोरींच्या पायांना शेवाळानं शिकवलं होतं.

शेवटचं मिनिट चालू आहे, आपली शाळा एका गुणानं मागं. आपली कॅप्टन चेंडू घेऊन घुसते. पोरगी वाऱ्यासारखी आहे, तिचं मला कौतुक आहे. वाटेत गगनबावड्याची बुटकी पोरगी उभी, अर्धगोलाच्या चांगली बाहेर. मी तिच्या पायांकडे बघते, दोन्ही टेकलेले. मग कॅप्टनच्या पायाकडे, तो आत्ता जमीन सोडतोय. मग चेंडूकडे, तो अजून हातात आहे. त्याच क्रमानं बघायचं असतं आणि मी त्याच क्रमानं बघितलं. धडक होते, बुटकी पोरगी मागं घसरत जाते, चेंडू त्यानंतर सुटतो आणि बास्केटमध्ये पडतो. सगळं मैदान उठून नाचायला लागतं. मी शिट्टी फुंकली, हात हलवून बास्केट रद्द केली, आणि मूठ तळहातावर आपटली. कॅप्टनचा फाउल. नाचणारी माणसं तशीच उभी राहिली आणि मग शिव्या सुरू झाल्या. दुसरा पंच लांबच्या टोकाला होता, तो माझ्याकडं बघेना.

टाइमआउट झाला तसे स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचे सेक्रेटरी टेबलापाशी आले. तुम्ही त्यांना ओळखता, तुमचे लाडके, ज्यांच्या लग्नात तुम्ही करवलीसारख्या मिरवलात ते. कानाशी येऊन म्हणाले, "आता एक आपल्याला द्या मॅडम. फिट्टंफाट. बाईंच्या मैदानावर बाईंची पद्धत." मी म्हटलं, "बाईंची पद्धत मला ठावं हाय. तिच्यात आडवी पडल्याली मीच." ते समजले नाहीत. उरलेल्या वेळात गगनबावड्याची एक पोरगी चेंडू घेऊन वळली, तिचा खांदा आपल्या पोरीला निसटता लागला आणि आपली पोरगी मुद्दाम आडवी झाली. लोक ओरडले. आपल्या पोरीचा पाय अजून टेकला नव्हता, ती उशिरा आली होती. मी सामना चालू ठेवला. तो संपला, आणि कप गगनबावड्याला गेला. ती बुटकी पोरगी पाठीला बर्फ लावून बसली होती. मी शेजारून गेले तशी उठायला लागली आणि म्हणाली, "मॅडम, मी हाललो न्हाय." तिला वाटत होतं की मी तिला बोलायला आलेय. मी म्हटलं, बघितलं मी. बाई, हे दोन शब्द बोलायला काही लागत नाही. तुम्ही मला त्या दुधाच्या कट्ट्यावर हे दोन शब्द म्हणू शकला असतात.

मग मंडळाच्या ऑफिसात बोलावणं. तुमच्या फोटोखाली सगळे बसलेले. त्यांचं म्हणणं, चूक झाली असं मी सगळ्यांसमोर म्हणावं, म्हणजे फायनल परत खेळवता येईल. एकाच्या मोबाइलवर सगळं आलं होतं, मी म्हटलं लावा. लावलं. पाय दिसत होते, अगदी आंधळ्यालाही दिसावेत असे. मग एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, नियम बरोबर असंल पोरी, पर वेळ चुकली. मी विचारलं, मग बरोबर वेळ कुठली, तुमची पोरगी पडेल ती? तेव्हा सेक्रेटरींनी तुमचं नाव काढलं, की बाई असत्या तर त्यांनी सांभाळून घेतलं असतं. मी उभी राहिले. म्हटलं, होय, घेतलं असतं, आणि त्या चुकल्या असत्या. तुमच्या फोटोखाली म्हटलं, बाई, आवाज न चढवता. त्यांना फाउलपेक्षा हे जास्त लागलं. आठवड्यात निरोप आला की पुढच्या वर्षीपासून स्पर्धा फक्त मुलांची. मुलींच्या गटाची कटकट नको.

म्हणजे तुमचं म्हणणं अक्षरशः खरं झालं. भांडण झालं आणि पहिल्यांदा पोरींचा खेळ बंद झाला. तो निरोप वाचला आणि कामावरून घरी येताना हायवेच्या पुलाजवळ गाडी बाजूला घेऊन मी रडले, हे लपवत नाही. तुम्ही वर्षानुवर्षं जे जपलं ते मी एका शिट्टीत घालवलं असं वाटलं. पण रडून झाल्यावर राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. तुम्ही जपलंत म्हणजे काय जपलंत? भिंतीवरच्यांना खूश ठेवून मिळालेलं मैदान, तेही त्यांची मर्जी असेपर्यंत. त्या मैदानावर तुम्ही आम्हाला पळायला शिकवलंत, उडी मारायला शिकवलंत, आणि कुणी अंगावर आलं की सरकायलाही शिकवलंत. तुमच्या हाताखालच्या किती पोरी पुढं संसारात, नोकरीत, वाटणीच्या वेळी भावांसमोर अशाच सरकल्या, ते मी बघितलंय. त्याला तुम्ही एकट्या जबाबदार नाही, ते मला कळतं. पण एखादी शिट्टी तरी आमच्या बाजूनं वाजली असती तर बिघडलं नसतं. खेळ बंद झाला असता? झाला असता तर झाला असता. आम्ही दुसरीकडं खेळलो असतो.

तसंच करतेय, पोरींची वेगळी स्पर्धा भरवतेय. पेठ वडगावच्या एका शाळेचं सिमेंटचं मैदान आहे, बाजारपेठेच्या मागं. तिथल्या मुख्याध्यापिका पहिल्या फोनलाच हो म्हणाल्या, फक्त बाजाराचा दिवस सोडा म्हणाल्या. गगनबावड्याची टीम येतेय. आणि परवा एका अनोळखी नंबरवरून फोन आला, आपल्या शाळेची कॅप्टन. मला वाटलं शिव्या द्यायला केला. पण ती म्हणाली, "मॅडम, व्हिडिओ बघितला मी. मी उडायच्या आधी ती हुती. आमी आलो तर चालंल काय?" शाळा पाठवणार नाही, पोरी स्वतःहून येणार आहेत, घरी सांगून. त्यांचे बाप भिंतीवर येऊन बसतील, त्यांनाही मी ओळखते. बसू देत.

आता शेवटचं. परवा वडगावच्या तयारीला जमलेल्या सगळ्यांनी मिळून विचारलं, नव्या स्पर्धेला बाईंचं नाव देऊया का, पोरींना मैदानावर पहिल्यांदा त्यांनीच आणलं. मी नको म्हटलं. सगळ्यांना वाटलं मी अजून रागात आहे, आणि मी तसं वाटू दिलं. खरं कारण तुम्हाला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. फायनलच्या त्या शेवटच्या क्षणी आपली पोरगी मुद्दाम आडवी झाली ना, तेव्हा तिचा पाय उशिरा आलेला मला स्वच्छ दिसला होता, आणि तरी माझी शिट्टी ओठांत होती आणि छातीत श्वास भरलेला होता. फुंकली असती तर सगळं मैदान खूश झालं असतं, आणि तुम्हीही. मला तुम्ही खूश व्हायला हव्या होतात, बाई. तो श्वास मी कसा गिळला ते माझं मला माहीत. तुमचं नाव लावलेल्या मैदानावर पुढच्या वेळी तो गिळता येईल, असा मला भरवसा नाही.